कुलपाआडची नलू

मी एक जुनी, बसकी कौलारू चाळ आहे, मित्रांनो. मुरुडच्या वाटेवर, जिथे समुद्राची गाज ऐकू येते, तिथे माझं गाव. ग्रामपंचायतीने कामगारांसाठी मला बांधलं. चिऱ्याच्या भिंती, चार खोल्या, पुढे लांब ओटी. गावाला पाणी सोडणारा दिनानाथ, त्याची बायको नलू आणि लहानगी जागृती शेवटच्या खोलीत राहत. लोक माझी टापटीप वाखाणत आणि मी फुलून जाई.

मग वादळ आलं. सगळे शाळेत आसऱ्याला धावले. बांधलेली शेळी सोडवायला नलू मागे फिरली आणि माझाच वासा तिच्यावर कोसळला. शेळी वाचली, नलू नाही.

दिनानाथ मुलीला घेऊन माणगावला गेला. बाकीची बिऱ्हाडंही उठली आणि मला कुलूप लागलं. पण खरं सांगते, नलू गेलीच नाही. तिन्हीसांजेला आतून चूल फुंकल्याचा आवाज येई, शेळीला घातलेली हाक येई. रस्त्यावरची माणसं झपझप पावलं उचलत. मला मात्र तिचाच आधार होता.

वर्षं गेली. गावात घराघराचं लॉज झालं. वर्षभरासाठी भाड्याची खोली मिळेना. जागृती नर्स होऊन इथल्याच उपकेंद्रात आली, पण पर्यटक आले की घरमालक तिला सामान उचलायला लावी. कंटाळून ती बदली मागणार होती. ती गेली असती, तर अडलेल्या बाळंतिणीकडे धावणारं गावात कुणी उरलं नसतं.

अशात माझं काय करायचं, यावर ग्रामसभा बसली, माझ्याच ओटीवर. लॉजवाला प्रीतम म्हणाला, "पाडा ही चाळ. गाड्या लावायला जागा व्हईल. भुताच्या घरात कोण ऱ्हाणार हाय?"

"मी ऱ्हाईन," जागृती उठली. "ती माझी आय हाय. मेलेल्या बाईला भिता, आन जित्या माणसाला गावात छप्पर न्हाय, त्याचं भ्या न्हाय वाटत तुमाला?"

सरपंच क्रांतीताईंनी ठराव मांडला : चाळ दुरुस्त करायची, मागच्या पडीक जागेवर आणखी घरं बांधायची आणि ती वर्षभर गावात राबणाऱ्यांनाच भाड्याने द्यायची. हात वर झाले. प्रीतमचा सगळ्यांत शेवटी.

आता मी भरलेली आहे. शेवटच्या खोलीत जागृती राहते. कधी कधी जेवताना ती रिकाम्या कोपऱ्याशी बोलते. शेजारी ऐकतात, पण आता कुणी पळत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात पंचायतीची एखादी बंद इमारत असेल. तिच्यात कोण राहू शकेल, हे मोठ्यांना ग्रामसभेत विचारायला लावा. कुलपाआड आम्ही मरत नाही. आतल्या माणसांना धरून बसून राहतो, आणि ते मरण्याहून कठीण असतं.