शेपटीवाला गिअरबॉक्स

मला कुणी 'यात हात घालू नको' म्हटलं की माझा हात आधी तिथंच जातो. आईनं ही खोड मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हणून भंगारवाला जेव्हा म्हणाला, "संगप्पा मिस्त्री, ह्ये आपल्या कामाचं न्हाय," तेव्हाच तो गिअरबॉक्स माझा झाला.

सोलापुरातल्या एका गिरणीमालकाची जुनी प्लायमाउथ मोटार मोडीत निघाली होती, तिचा हा डबा. नेहमीच्या गिअरबॉक्सला नसते अशी एक शेपटी त्याला मागं होती. तिच्यावर एक बारकी दांडी आणि विजेची वायर. भंगारवाल्याला एवढंच ठाऊक, की गाडी वेगात असताना ड्रायव्हर क्षणभर पाय उचलायचा, इंजिनाचा आवाज खाली यायचा आणि वेग मात्र तोच राहायचा. त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात म्हणे. आता हे ऐकून कुणाला चैन पडेल?

मी शेपटी खोलली. आत मधोमध एक दातेरी चाक, त्याच्याभोवती फिरणारी त्याची पिल्लं आणि पुढं बारक्या गोल लोखंडी रुळांची एक कडी. कडी एका अंगानं सुळकन फिरायची, उलट फिरवली की गच्च धरायची. मी ती नुसती फिरवत बसलो. बायकोनं शेवटी भाकरी झाकून ठेवली.

त्याच आठवड्यात मैंदर्गीची शिवबाईअक्का दारात आली. तिचा नवरा सिद्रामप्पा वारला तेव्हा मागं एक पानमळा आणि अठ्ठेचाळीस सालचा फार्गो पिकअप ठेवून गेला होता. पिकअप म्हशीसारखा ओढायचा आणि म्हशीसारखाच पळायचा. जरा दामटला की इंजिन किंचाळायचं, आणि त्या किंचाळण्याला भिऊन ड्रायव्हर भीमा सावकाश हाकायचा. विड्याची पानं सोलापुरात पोचेपर्यंत सौदा, म्हणजे बाजारातला लिलाव, उरकलेला असायचा. मग उरलासुरला माल म्हणून ती मातीमोल जायची.

"भावजी म्हनत्यात, बाईमानसाला गाडीचा धंदा झेपत न्हाय," अक्का म्हणाली. भावजी म्हणजे तिचा दीर चनबसप्पा. "मी त्यास्नी सांगितलं, सोमवारच्या सौद्याला माल येळंवर पोचला न्हाय तर किल्ली तुमच्या हातात देते. गाडीबी तुमची, मळाबी तुमचा. मिस्त्री, गाडी पळंल का?"

"पळंल की!" मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं. मला फक्त बघायचं होतं.

प्लायमाउथ आणि फार्गो एकाच कंपनीच्या घराण्यातले, त्यामुळं पुढचे बोल्ट चपखल बसले तेव्हा मी गॅरेजात नाचलो. शेपटी लांब, म्हणून मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट कापून आखूड करून घेतला. बारक्या दांडीची केबल भंगारात हरवली होती आणि दांडी कशासाठी तेही कळेना, तेव्हा ती होती तिथंच तारेनं आवळली. होटगी रस्त्यावर भीमाला म्हणालो, आता पाय उचल. टक् असा आवाज झाला आणि इंजिन एकदम शांत.

"मिस्त्री, गाडी मेली!" भीमा ओरडला. वेगाचा काटा जिथल्या तिथं होता. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारी उजाडताच मैंदर्गीहून निघालो. अक्का पुढं भीमाशेजारी. मागं करंड्यांमध्ये मी आणि चनबसप्पा. तो किल्ली घ्यायलाच निघाला होता, ते त्यानं लपवलंही नाही. अक्कलकोट कधी मागं पडलं कळलंच नाही. चनबसप्पाचा चेहरा उतरत चालला आणि माझी छाती फुगत चालली.

मग वळसंगच्या अलीकडं ओढ्याचा उतार आला. पेट्रोल भडकल्यापासून आमच्याकडच्या ड्रायव्हरांना एक सवय जडली होती: उतार दिसला की किल्ली बंद. गाडी फुकटात घरंगळायची, खाली गिअर टाकून क्लच सोडला की चाकांच्या ओढीनं इंजिन पुन्हा पेटायचं. भीमानं तेच केलं. या वेळी इंजिन पेटलंच नाही. गाडी आपल्या वेगानं पलीकडचा चढ निम्मा चढली आणि थांबली.

बॅटरी म्हातारी, सकाळी एकदा इंजिन उचलायची, मग दिवसभर धक्काच. आम्ही धक्के मारले, रस्त्यानं जाणारे शेतकरीही लागले. गिअर टाकलेली गाडी ढकलताना इंजिनानं अडवायला हवं होतं. ही तर न्यूट्रलमध्ये असल्यासारखी जात होती. मला कोडं पडलं. हे असं का?

"वैनी, किल्ली," चनबसप्पानं हात पुढं केला.

"सौदा अजून सुरू न्हाय झाला, भावजी," अक्का म्हणाली. मला भीमाचा राग आला, चनबसप्पाचा आला, आणि स्वतःच्या उतावळेपणाचा तर फारच.

तेवढ्यात समोरून एक गवळी सायकलवरून उतरला. वाट काढायला त्यानं सायकल मागं ओढली, तसं पेडल फिरून माझ्या नडगीवर बसलं. मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि मधेच गप्प झालो.

"पुन्ना मागं घे," मी म्हणालो. पेडल फिरलं. "आता पुढं." सायकल पुढं गेली, पेडल गप्प. रुळांची कडी! पुढं जाताना चाकं मोकळी सुटत होती. मागं गेली तर ती कडी धरणार होती.

"भीमा, रिव्हर्स टाक. गाडी मागं सोडायची!"

"डोस्कं फिरलं का, मिस्त्री? वड्यात जाईल की!"

"मिस्त्री म्हनत्यात तसं कर," अक्का म्हणाली.

भीमानं क्लच दाबून रिव्हर्स टाकला. चाकामागं लावलेला धोंडा आम्ही काढला, पण चढ बेताचाच, गाडी जागची हलेना. आम्ही पुढून रेटू लागलो. चनबसप्पा बाजूला उभा होता. उन्हानं करंड्यांवरची पानं मलूल होऊ लागली होती, आणि तोही त्याच मळ्यात वाढलेला माणूस. त्याला ते बघवेना. धोतर खोचून त्यानं बॉनेटला खांदा दिला. गाडी मागं निघाली, भीमानं क्लच सोडला, एक हिसका बसला आणि इंजिन धडधडू लागलं. गवळ्यानं टाळ्या वाजवल्या. मला त्या इंजिनाची पापी घ्यावीशी वाटली. ती बारकी दांडी कडीला मोकळं सुटू न देण्यासाठीच होती, हे मला मागाहून कळलं.

बाजारात पोचलो तेव्हा सौदा ऐन रंगात होता. करंड्या उतरल्या, अडत्यानं पानं उलटीपालटी करून बघितली. वेळेवर आलेला माल मालकाच्या नावानं पुकारतात. अडत्या सवयीनं चनबसप्पाकडं वळला. "कुणाच्या नावानं पुकारू, मालक?"

चनबसप्पाच्या खांद्याला अजून बॉनेटची धूळ होती. त्यानं वहिनीकडं बघितलं. ती किल्ली मुठीत धरून जमिनीकडं बघत होती.

"मालक मी न्हाय," तो म्हणाला. "शिवबाईच्या नावानं पुकारा."

अडत्यानं एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं आणि आवाज लावला, "मैंदर्गीच्या शिवबाईचा माल!" अक्कानं पदर तोंडाला लावला. सिद्रामप्पा गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.