आधी केलेलं चिंतन

“आजचा शब्द कोर्टातला आहे, मंडळी. प्रीमेडिटेटेड!”

नऊवारीतल्या वल्लरीने असं म्हणताच पंचवटीतल्या त्या छोट्या देवळात हशा पिकला. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या पोरीचं हे पहिलंच कीर्तन. पुढच्या सतरंजीवर बसलेले तिचे आजोबा, ढुंढिराजअण्णाही हसले.

“प्री म्हणजे आधी. पुढचं आलं लॅटिनमधून, मेदितारी. मनात घोळवणं, चिंतन करणं. मेडिटेशनही तिथलंच. रागाच्या भरात हात उठला, तर माणूस चुकला म्हणू. पण मनात घोळवून घोळवून, ठरवून केलं तर? तेही चिंतनच की हो! मग देवापुढे बसून आपण नक्की कसलं चिंतन करतो?”

अण्णांचं हसू ओठांवरच वाळलं.

या देवळात कीर्तनाचा पहिला भाग, पूर्वरंग संपला, की कीर्तनकाराला हार घालायचा, बुक्का लावायचा मान झांजकरी सावळीरामचा. मूळचा निफाडचा, सातपूरच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस. पण नातीच्या गळ्यात पहिला हार आपण घालावा, असं अण्णांच्या मनाने घेतलं. सरळ मागायला जीभ रेटेना. मग रोज सकाळी जपाची माळ ओढता ओढता त्यांनी बेत शिजवला, आणि आज दुपारी सावळीरामला प्रसादाची द्राक्षं आणायला पार निफाडला धाडलं.

“अण्णा, सावळीराम दिसत नाहीये. तुम्हीच या!” पुजाऱ्याने हाक मारली.

अण्णांनी हार घातला. वल्लरी पायांशी वाकली, फोटो निघाले. तिच्या डोळ्यांकडे मात्र त्यांना बघवेना.

उत्तररंग भरात आला तेव्हा सावळीराम घामाघूम होऊन आला. द्राक्षांची पाटी ठेवली, झांज उचलली. आरतीनंतर अण्णांनी त्याला नळापाशी गाठलं.

“सावळीराम, मी तुला मुद्दाम...”

“ठावं हाय, अण्णा.” तो घड धूत म्हणाला. “द्राक्षं तर हितं कोपऱ्यावरच्या गाडीवर बी मिळतात. त्याला निफाड कशाला लागतंय?”

“मग गेलास कशाला रे?”

“नात तुमची. मागितला असता, तर मीच तुमच्या हातात दिला असता हार. तुम्हाला लय जड गेलं मागायला, म्हणलं जाऊन यावं.”

तो प्रसाद वाटायला लागला. अण्णा रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

“बसा की अण्णा, मी आणून देतो,” सावळीराम लांबून म्हणाला.

अण्णा बसले नाहीत. पाळी आली तेव्हा त्यांनी ओंजळ पुढे केली. मान काही वर झाली नाही.