सगळ्या घराला ताप

नरसिंगराव काकांचं बोट गेलं. म्हणजे बोट आहे, त्यातलं कळणं गेलं. शुगर.

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात आमचं शिलाईचं दुकान. काकी शिवते, काका इस्त्री करतात. चाळीस वर्षं एकच पद्धत. बोट ओलं करायचं, इस्त्रीच्या बुडाला चटकन लावून काढायचं, की कळलं रेशमाला चालेल की नाही. इस्त्री जुनी, सहा किलोची. तिचं बटण कधीच गेलंय. कमी-जास्त करायचं म्हणजे प्लग काढ, प्लग लाव. हलकी नवी आणली होती, पण काका म्हणाले तिनं घडी बसत नाही.

गेल्या आठवड्यात लग्नाचा एक ब्लाउज जळला. मोरपंखी रेशीम, पाठीवर तपकिरी डाग. काकी ओरडली नाही. तेच वाईट. एवढंच म्हणाली, "सोमवारपासून इस्त्री भव्या करंल." भव्या त्यांची मुलगी. काका गपचूप हुक लावायला बसले. सुई टोचली तरी कळत नव्हतं. रक्त दिसलं की कळायचं.

मी म्हटलं, "काकी, सोमवारपर्यंत थांब. इस्त्रीला सेन्सर लावतो."

"मागं रेडिओ लावलास तर फॅन बंद पडला."

खरं आहे ते.

मी कुठं शिकलेलो नाही. व्हिडिओ बघत, पार्ट जाळत शिकलो. हा सेन्सर म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार. शून्य डिग्रीला तिचा रेझिस्टन्स शंभर ओहम. एक डिग्री वाढली की ०.३८ ओहम वाढतो, बस. एवढुसा फरक साध्या मीटरला नीट दिसत नाही. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर. आठ पायांची एक चिप, थोडे रेझिस्टर, फरक किती मोठा करायचा ते ठरवायला एक स्क्रू. शेवटी आकडा दाखवणारी डबी.

काका शेजारी येऊन बसले. "तार गरम झाली की करंटला अडवते का?"

"आतले अणू जास्त हलतात. वाट मिळत नाही."

"मार्केटात दसऱ्याला होतं तसं."

"तस्संच!"

शनिवारी सेट केलं. बर्फाच्या पाण्यात शून्य. उकळत्या पाण्यात घालून स्क्रू फिरवला, शंभर. झालं! खुशीत सेन्सर काकांच्या बगलेत दिला.

३७.८.

"अय्यो, ताप आहे यांना!" काकीनं कषाय, म्हणजे काढा, उकळायला ठेवलं. मग स्वतः लावून बघितलं. ३७.७. भव्या ३७.९. मी ३७.८.

"सगळ्या घराला एकदम ताप?" भव्यानं कपाटातला थर्मामीटर आणला. कुणालाच काही नव्हतं.

"नोडा, बघ," काकी म्हणाली, "याच्यापेक्षा यांचं मेलेलं बोट बरं."

काका उठले. परत हुकांकडं गेले.

रविवारी मी सगळं तपासलं. सोल्डर नवं केलं, वायर बदलली. बर्फात शून्य, उकळत्यात शंभर. दोन्ही टोकं बरोबर, मग मध्ये चूक कशी? खरं सांगायचं तर एवढ्या फरकानं रेशीम जळत नाही. पण काकीचा विश्वास जळला होता.

तिसऱ्यांदा पातेलं चढवलं तशी काकी आली. "सुम्ने उगाच गॅस घालवतोस. इथलं पाणी नुसतं उड्या मारतं. मंगळूरला माझ्या बहिणीकडं, ताराकडं, उघड्या पातेल्यात डाळ मऊ होते. इथं कुकरशिवाय होती का?"

"का होत नाही?"

"मला काय माहीत. तिथलं उकळलेलं जास्त गरम असंल."

मी गॅस बंद केला. मंगळूर समुद्रावर. आणि म्हैसूर? फोनवर बघितलं. साडेसातशे मीटरहून वर. इथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. मी साडेसत्त्याण्णवला शंभर म्हणायला लावलं होतं! शाळेतलं शंभर समुद्राकाठचं होतं, ते कुणी सांगितलंच नव्हतं.

स्क्रू मागं घेतला. काका ३६.९. काकीनं थर्मामीटर लावून ताडून बघितलं. दोनदा.

मग सेन्सर इस्त्रीच्या बुडाला पत्र्याच्या पट्टीनं आवळला. पण रेशमाचा आकडा कुणाला माहीत? काकांच्या बोटानं कधी आकडे सांगितले नव्हते. कापून उरलेले तुकडे काढले. एकशे तीसला घडी बसेना. एकशे पंचेचाळीसला बसली. एकशे ऐंशीला पिवळं. काका वाकून बघत "अजून एक, अजून एक" करत राहिले. तुकडे संपले.

सोमवारी भव्या इस्त्रीपाशी आली. काकीनं गिऱ्हाइकाचा ब्लाउज उचलला, थोडा वेळ हातातच धरला. मग काकांपुढं ठेवला.

"सात्विक, डबी माझ्याकडं तोंड करून ठेव," ती मला म्हणाली.

"मग मला कसं दिसणार?" काका.

"तुम्ही विचारा. मी सांगते."

काकांनी प्लग लावला.

"किती गं?"

"एकशे दहा."

"आता?"

"थांबा म्हणते ना!" मशीन तसंच सोडून काकी आकड्याकडं बघत बसली होती. "चाळीस... बेचाळीस... पंचेचाळीस... हां. काढा प्लग. घ्या."