साखराबाईचा काळा पडणारा रुपया

मी एक रुपया बोलतोय. तुमच्या खिशात खुळखुळणारा आजचा नव्हे. निजामाच्या राजवटीतला, चांदीचा, छातीवर चारमिनार असलेला हाली रुपया. एवढं ऐकून मला मान देऊ नका. मान खूप मिळाला, आणि तो सगळा फुकटचा होता, हेच सांगायला तोंड उघडलंय.

माझा जन्म हैदराबादच्या टांकसाळीत झाला. बाजारात फार फिरलो नाही. चाकूरजवळच्या एका गावातल्या बाईनं मला कडी लावून गळ्यात घातलं. तिनं म्हातारपणी मला आपल्या सुनेच्या, साखराबाईच्या, हातावर ठेवलं आणि म्हणाली, "रानातली अळंबी शिजवताना ह्यो पातेल्यात टाकत जा. इखारी असली तर काळा पडतोय."

आता खरं सांगतो. अंड्यानं, लसणानं मी काळवंडतो, पण विषाचं मला ओ की ठो कळत नाही. कळत होतं ते साखराबाईला. श्रावणात गायरानातल्या वारुळांवर अळंबी वर आली की ती खुरपं घेऊन जायची. अळंबी उपटायची नाही, उकरायची. खऱ्या अळंबीची दांडी निमुळती होत खाली वारुळात शिरते, तिच्यामागं हात कोपरापर्यंत मातीत घालावा लागतो. उकिरड्यावरची छत्री वरूनच निघून येते, दांडीला गोल कडं असतं आणि बुडाशी गड्डा. साखराबाई दांडी बोटांत फिरवायची आणि जरा शंका आली की फेकून द्यायची.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिच्या नवऱ्यानं, ग्यानोबानं, उकिरड्यावरची पाटीभर छत्री आणली. ती म्हणाली, "ह्याला मूळ न्हाई. टाकून द्या."

ग्यानोबा हसला. "कालची पोर तू, मला शिकवायलीस व्हय?"

साखराबाईनं छत्र्या धुतल्या. पातेलं चुलीवर ठेवलं, मला आत टाकलं. जरा वेळानं पळीनं बाहेर काढताना तिनं अंगठा चुलीशेजारच्या तव्याच्या बुडाला घासला आणि ती काजळी माझ्या छातीवर चोळली. "बघा, काळा पडला."

ग्यानोबानं पातेलं नेऊन उकिरड्यावर पालथं केलं.

तेव्हापासून आमच्या दोघांचा हा धंदा सुरू झाला. गल्लीत माझं नाव झालं. कुणाकडं अळंबी आली की साखराबाईच्या रुपयाला बोलावणं यायचं. मला एकट्याला ती कधी धाडत नसे. "रुपयाला माझाच हात लागतोय," म्हणून स्वतः जायची, आधी मुळं बघायची आणि मग मी पांढरा राहायचा की काळा पडायचा ते तिचा अंगठा ठरवायचा. बायका मला डोळ्यांना लावायच्या. खोटं कशाला बोलू, मी फुगलो. आपल्यात काहीतरी आहे असं मलाच वाटायला लागलं. साखराबाईनं हे गुपित कुणाला सांगितलं नाही, पोटच्या बजरंगालाही नाही.

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ग्यानोबा तिला ऑपरेशनला लातूरला घेऊन गेला. इकडं बजरंगाला उकिरड्याशेजारी गवत कापताना पांढऱ्याशुभ्र छत्र्या दिसल्या. विळ्यानं सपासप कापून त्यानं पाटी भरून आणली.

त्याची बायको वर्षाराणी म्हणाली, "आत्या येऊ द्या की. त्यांच्याबिगर नको."

"रुपया हाय की घरात! आई काय रुपयाहून शहाणी हाय?"

मला उकळत्या पाण्यात टाकलं. मी पांढराच्या पांढरा. आठ वर्षांच्या तनुजानं मला फुंकर मारून उचललं आणि ओरडली, "बाबा, कसा चमकायलाय बघा!" येसराचा मसाला घालून कालवण झालं. वर्षाराणीला सोमवारचा उपवास होता. बजरंगानं भाकरीशी खाल्लं, आणि तनुजानं दोनदा मागून घेतलं. मी ताटाशेजारी पडून बघत होतो. मला ओरडता आलं असतं तर!

दोन तासांत पोर ओकायला लागली. थांबेचना. तिचे डोळे खोल गेले. वर्षाराणीनं तिला चाकूरला नेलं, तिथून लातूरला. बजरंग स्वतःचं पोट दाबत मागं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काय खाल्लं विचारलं, तर त्यानं खिशातून मला काढलं. "रुपया टाकला हुता मॅडम. पांढराच हाय बघा."

"अहो, चांदीला काय कळतंय विषाचं?" त्या म्हणाल्या आणि सलाइनकडं वळल्या.

डोळ्याला पट्टी बांधलेली साखराबाई त्याच दवाखान्यातल्या डोळ्यांच्या वॉर्डातून येऊन खाटेशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं, बोलायला ओठ हलवले आणि परत नातीचे पाय दाबायला लागली. बजरंगाच्या मुठीत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी तनुजानं पेज मागितली. वाचली पोर.

घरी येऊन आठवडा झाला असेल. शेजारची चांगुणा अळंबीची टोपली घेऊन दारात आली. "साखराबाय, रुपया द्या की. तुम्ही नका येऊ, डोळा जपा."

"आमच्या घरी झालं ते ऐकलं न्हाईस व्हय?"

"ऐकलं की. पर लोकं म्हंतेत, बजरंगानं रुपया घासून टाकला न्हाई म्हणून फसला. म्या चिंचेनं घासून टाकते."

म्हणजे माझी अब्रू झाकायला लोकांनी सबबसुद्धा शोधून ठेवली होती! साखराबाईनं मला हातात घेतलं. ओसरीवर बजरंग बसला होता, वर्षाराणी तनुजाची वेणी घालत होती. म्हातारी चुलीपाशी गेली, पातेल्याच्या बुडावर अंगठा घासला आणि सगळ्यांदेखत माझ्या छातीवर चोळला.

"हे बघ चांगुणा. असा काळा पडतोय ह्यो."

"म्हंजे?" बजरंग उठलाच. "आई?"

"चाळीस वर्सं मीच पाडत आले. माझं कुणी ऐकत न्हवतं, ह्याचं ऐकत हुते. दवाखान्यात बी तोंड उघडलं न्हाई, लई लाज वाटली. पर ही आता पोराबाळांना घालायला निघाली, आता कशी गप बसू?"

"मला तरी सांगायचं हुतंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

बजरंग बोलणार होता. वर्षाराणीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, आणि तो खाली बसला. साखराबाईनं चांगुणाची टोपली जमिनीवर ओतली आणि तनुजाला हाक मारली. "ये बाय, मूळ कसं बघायचं ते दावते."

आता मी बटणांच्या डब्यात असतो. चारमिनारच्या कमानींत ती काजळी अजून आहे, ती घासू नका. तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा असेल तर त्याला पातेल्यात टाकू नका. जिला कळतं तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर मुकाट्यानं ऐका.

परवाच बजरंगानं बांधावरून पाटी आणली. तनुजानं त्यातली एक छत्री उचलून उलटी केली. "बाबा, ह्याला मूळ न्हाई."

बजरंगानं ती छत्री तिच्या हातातून घेऊन पाटीत टाकली. मग पाटी उचलून उकिरड्यावर ओतून आला. माझा डबा कुणी उघडला नाही.