आजींच्या गायी

दलदलीतलं दुर्मीळ निळं फूल वाचवायला वनस्पतीतज्ज्ञ बाईंनी कुंपण घातलं आणि गुराखीण आजींच्या गायींना मज्जाव केला. तीन वर्षांत गवत माजलं, चाळीस रोपांपैकी नऊच उरली. नवी योजना आखताना चूक उमगली, तशा बाई तडक आजींच्या दारात गेल्या.

"आजी, माझंच चुकलं. गायी परत आणाल?"

आजींनी त्यांना हाताला धरून बसवलं. "अगं, खुरांनी चिखल मोकळा होतो, तिथंच त्या फुलाचं बी रुजतं. तेव्हाच सांगणार होते, पण तुझं डोकं कागदात! जाऊ दे, जीव लावूनच केलंस ना?"

बाईंचे डोळे भरून आले. मग आजी सांगत गेल्या आणि बाई योजना लिहीत गेल्या. पुढच्या हंगामात तेवीस रोपं उगवली.