पाय दिसले का?

चालक: ओंकार
पाय दिसले: दोन
झोप: आहे
शेरा: —

दिवसाढवळ्या झोपलेली माणसं मोजत फिरायचं, असलं काम आपल्या वाट्याला येईल असं बाळाजी घरतांना सात जन्मांत वाटलं नसतं. सव्वीस वर्षं त्यांनी उरणच्या बंदरात ट्रेलर चालवला. गुडघे कुरकुरू लागल्यावर कंपनीने त्यांना स्टिअरिंगवरून उतरवलं, हातात एक टॅब दिला आणि उन्हात सोडलं. पद मोठं होतं. विश्रांती तपासनीस.

झालं होतं असं. कंपनीने चालकांसाठी कामाच्या वेळेचा नवा नियम आणला. त्याचं नाव लवचिक वेळ. जहाज काही घड्याळ बघून धक्क्याला लागत नाही, मग चालकाने तरी घड्याळाला का चिकटून बसावं? आज पंधरा तास चालवा, उद्या पाच तास चालवा, आठवड्याची सरासरी बसली म्हणजे झालं. मात्र मधे सलग आठ तास झोप हवी. ती झाली की नाही हे कळावं म्हणून प्रत्येकाला कंपनीचा फोन. फोन आठ तास हलला नाही, तर माणूस आठ तास झोपला.

आता फोन हलत नाही म्हणजे माणूसही हलत नाही, हे साहेबांना पटतं, आगरातल्या शेंबड्या पोराला पटत नाही. म्हणून वरून तपासनीस. त्यालाही नियम होते. उंबरठा ओलांडायचा नाही. झोपलेल्याला हाक मारायची नाही, जाग आली तर विश्रांती मोडते. तोंडाचा फोटो काढायला गेलं की माणूस दचकून उठतो, म्हणून फोटो फक्त पावलांचा. घरच्यांनी चालकाला पाय दाराकडे करून निजवायचं आणि पावलं चादरीबाहेर ठेवायची.

तोंडावर चादर, पाय उघडे, पाय दाराकडे.

ओंकारची आई काशी ओटीवर सुकट निवडत बसली होती. फोटो निघाला तशी ती म्हणाली, "काय रं बाला, बघून झाला मुरदा?"

"झोपलाय तो, काशीवहिनी. मढं काय म्हणता?"

"मंग जित्या मानसाला असा निजवतान का? आमचे घरान असा येकदाच निजवला व्हता, त्याचे बापाला. तवा पन तू असाच दारान उभा व्हतास."

बाळाजींनी टॅबवर हिरवं बटण दाबलं आणि चपला सरकावल्या.

---

चालक: देवदत्त
पाय दिसले: दोन
झोप: आहे
शेरा: झोपेत उजवा पाय ब्रेक दाबत होता.

(ऑफिसने शेरा पुसला. "काका, शेऱ्यात फक्त कामाचं लिहा.")

---

चालक: गणराज
पाय दिसले: दोन
झोप:

दुपारचे सव्वाबारा. मिठागराच्या कडेचं शेवटचं घर. एप्रिलच्या उन्हात मिठाचे ढीग असे चकाकत होते की नुसतं बघून डोळे दुखावेत. दार उघडं. आत कोबा, कोब्यावर चटई, चटईवर चादर आणि चादरीच्या टोकाला दोन पावलं. घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं. एरवी दारात गणराजची बायको केसर उभी असायची. ताक घ्या म्हणायची, नको म्हटलं तरी आणायची.

बाळाजींनी टॅब वर धरला. पडद्यावर पावलं मोठी झाली.

टाचांना भेगा होत्या. नखांत खाडीचा काळा चिखल होता. आकारानेही काही वावगं नव्हतं. गणराज तसा किडकिडीतच. पण अंगठ्याशेजारच्या बोटाला मुळाशी एक गोरी रेघ होती. दोन्ही पायांना. सगळं पाऊल उन्हाने रापलेलं आणि तेवढी एक बोटभर कातडी कोवळी, वर्षानुवर्षं ऊन न बघितलेली.

जोडव्यांची जागा.

बाळाजींनी टॅब खाली घेतला. बायको जोडवी कधी उतरवते, ते कुणाला सांगावं लागतं का?

"केसर," ते उंबरठ्याबाहेरूनच म्हणाले. "ऊठ."

चादर हलली नाही.

"पोरी, पाय ओळखू येतात. ऊठ."

केसर उठून बसली. चादर तशीच खांद्यावर. घामाने केस कपाळाला चिकटलेले. तिने आधी पाय आत ओढून घेतले, मग बाळाजींकडे बघितलं. "काका, हिरवं दाबा ना. तुमच्या पाया पडते."

"गणू कुठाय?"

"गाडीवर."

"त्याचा फोन?"

तिने उशी उचलून दाखवली. उशीखाली पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला कंपनीचा फोन होता, तान्ह्या पोराला निजवावं तसा. "पहाटे पाच वाजल्यापासून झोपलाय. गाडीवरनंच माझ्या हातात दिला, हलवू नको म्हणाले."

"मग गाडीवर कुणाच्या नावाने?"

"सुजितच्या. त्याला कावीळ झालीय ना, तो बायकोच्या माहेरी पडलाय. त्याचा फोन यांच्या खिशात. पुढल्या खेपेला हे आपल्या नावानं चालवतील, तवा सुजितचा फोन हितं निजंल. दोघं जण आळीपाळीनं झोपतात, काका. नियमात बसतं सगळं."

"आणि माणूस? तो कधी झोपलाय?"

केसर बोटं मोजू लागली आणि मधेच थांबली.

"केसर, विचारतोय मी."

"परवा सांजच्याला गेले. काल दुपारी जेवायला आले व्हते. जेवता जेवता भिंतीला डोकं टेकलं, तेवढंच. दोन जहाजं एकदम लागलीत. न्हाय म्हटलं तर गाडी दुसऱ्याला देतात, आन मग महिना महिना नंबर लागत न्हाय. तुम्हाला का सांगायचं? तुम्ही चालवलीय."

चालवली होती. चाळीस तास जागा असलेला माणूस कसा असतो हे बाळाजींना ठाऊक होतं. तो जांभया देत नाही. जांभयांची वेळ टळून गेलेली असते. तो उलट तरतरीत होतो, गाणी म्हणतो आणि रस्त्यावर नसलेली माणसं चुकवतो.

"पायातली काढलीस," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मागच्या खेपेला भाच्याला झोपवलं व्हतं. आज तो न्हाय आला." ती चादरीची कड पिळत राहिली. "घटकाभराचं तर काम हाय, म्हटलं."

बाळाजींनी लाल बटण दाबलं.

---

झोप: नाही

झोप: नाही

झोप: पुढे ढकलली (रविवार)

---

बटण लालच दाबलं होतं. पडद्यावर लाल उमटलंही. मग चाक फिरलं आणि लालचं पिवळं झालं. बाळाजींनी पुन्हा दाबलं. पुन्हा पिवळं. त्यांनी ऑफिसला फोन लावला. फोनवर प्रणाली होती, वेळापत्रक बघणारी. पोरगी वागायला गोड, कामाला चोख.

"काका, जेवलात का?"

"प्रणाली, गणराज घरात नाही. मी लाल टाकतोय, ते पिवळं होतंय."

"हो, होणारच. आज गर्दीचा दिवस जाहीर झालाय ना. गर्दीच्या दिवशी राहिलेली विश्रांती आपोआप पुढे जाते. लवचिक आहे आता, काका. कुणाचं नुकसान नाही."

"अगं, तो चाळीस तास जागा आहे."

"एक मिनिट हं." कीबोर्डची टकटक ऐकू आली. "नाही काका. त्याचा फोन सात तास जागचा हललेला नाही. खरं तर तुम्ही लाल टाकलं नसतं तर पाऊण तासात त्याची झोप पूर्णच झाली असती."

"फोन उशीखाली आहे! गणू सुजितच्या गाडीवर आहे. ती गाडी थांबव."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. तिला हे नवीन नव्हतं, हे बाळाजींना तेवढ्यावरूनच कळलं.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या गाडीवर सुजित आहे. सुजितचे तास व्यवस्थित आहेत. ज्याचे तास व्यवस्थित आहेत त्याची गाडी मी कुठल्या कारणाने थांबवू? कारणाचा रकाना भरल्याशिवाय बटण उमटतच नाही."

"कारण लिही, माणूस दुसराच आहे."

"मग तक्रार होईल. तक्रार समितीपुढे जाते. समिती सोमवारी बसते." ती पुढे म्हणाली, "दोन वाजता त्याच्या जहाजाचं गेट बंद होतंय, मग माल घेत नाहीत. एवढी एक खेप जाऊ द्या. मग मी त्याला खरंच सोडते, आईशप्पथ."

---

इथे बाळाजींना उंबरठा ओलांडावा लागला.

---

"सुजितचा नंबर दे," ते म्हणाले. केसरने तो पाठच सांगितला.

तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. मागे इंजिनाची घरघर. बाळाजींनी आवाज मोठा केला आणि फोन दोघांच्या मधे धरला.

"बोला बाळाजीकाका! पाय दिसले का पाय?" गणराज खदखदून हसला. "आमच्या बायकोचे पाय कसे वाटले?"

"गणू, कुठं आहेस?"

"खोपट्याचा पूल येतोय. काय झकास वारं सुटलंय, काका."

"गाडी बाजूला घे."

"आँ?"

"बाजूला घे. इंजिन बंद कर आणि वीस मिनिटं आडवा हो. गेटाचं मी बघतो."

"न्हाय काका, थांबलो तर झोप लागंल." तो हे अशा शहाणपणाने म्हणाला की केसरने मानच डोलावली. "थांबलो न्हाय म्हणून तर जागा हाय. काय झकास वारं सुटलंय, काका."

तेच वाक्य, त्याच चालीत.

"बरं, थांबू नको. माझ्याशी बोल. समोर काय दिसतंय ते सांग."

"समोर? समोर रस्ता. टँकर चाललाय पुढं. एक म्हैस. न्हाय, म्हैस न्हाय. काय न्हाय."

"केसर, तू बोल. भांड त्याच्याशी."

केसर फोनवर वाकली. "आवं, येताना काय आणणार?"

"तुला काय पायजे?"

"मला काय न्हाय पायजे. तुम्ही लवकर या. कालवणाला खाडीतल्या निवट्या आणल्यात."

"निवट्या?"

"व्हय. चांगल्या मोठ्या. आंबट घालून करू का कोरड्या?"

"कर."

"काय कर? आंबट का कोरड्या?"

"कर."

"आवं, ऐकताय ना? परवा तुमच्या बहिणीनं मला काय म्हटलं सांगू?"

उत्तर आलं नाही. इंजिन चालू होतं. केसरने बाळाजींकडे बघितलं. त्यांनी बोटाने तिला चूप केलं आणि कान फोनला लावला.

धप्प.

मग थोड्या वेळाने, धप्प.

पुलाच्या जोडांवरून चाकं जाताना येणारा आवाज. या पुलावरून बाळाजी हजारो वेळा गेले होते. पुलाला बारा जोड. भरलेली गाडी असेल तर जोड असा जड वाजतो, रिकामी असेल तर खडखडतो. दोन धप्पांच्या मधलं अंतर म्हणजे गाडीचा वेग. ते अंतर कमी होत होतं. आणि त्या दोन आवाजांच्या मधे, अगदी निवांत, लयीत, तिसरा एक आवाज होता.

"घोरतायत?" केसर म्हणाली. तिचा चेहरा एकदम सैल पडला. "बाजूला घेतली वाटतं गाडी. ऐकलं तुमचं."

"गणू!" बाळाजी ओरडले. "गणू, ब्रेक! गण्या, ब्रेक मार!"

धप्प. धप्प.

केसरही ओरडू लागली, आधी "आवं, आवं" करून, मग आयुष्यात पहिल्यांदा नाव घेऊन. बाळाजी मनात जोड मोजत होते. आठ. नऊ. पुलानंतर उतार, उतारानंतर डावीकडे वळण, वळणावर नाका. या वेळेला शाळा सुटून नाक्यावर रिक्षा भरत असतात. दहा. अकरा.

उशीखालचा फोन अजून हललेला नव्हता.

बारा. मग जोड संपले. नुसती घरघर, पळती.

"गणराज!"

हवेच्या ब्रेकची फुसकारी ऐकू आली, लांबलचक. टायर किंचाळले. मग एक आवाज झाला. फार मोठा नाही, पत्र्याचा. त्यानंतर इंजिन बंद पडलं.

केसरने बाळाजींचं मनगट धरलं.

"काका?" गणराजचा आवाज आला. झोपेतून उठलेल्या पोरासारखा, घोगरा. "काका, मी कुठं हाय?"

"लागलं का तुला?"

"न्हाय. मला काय न्हाय झालं."

केसर मटकन खाली बसली. हसली, रडली, पुन्हा हसली. दोन्ही हात जोडून तिने कोनाड्यातल्या देवाला नमस्कार केला. "बोलले ना? ठीक हायेत ना? द्या इकडं, मी बोलते. द्या, काका."

बाळाजींनी फोन दिला नाही. मोठा केलेला आवाज बंद करून तो कानाला घट्ट दाबून धरला. गणराज दार उघडून खाली उतरला होता. सुजितचा फोन केबिनमध्येच पडला होता, चालू. पलीकडून एक हॉर्न वाजत होता. ट्रेलरचा नव्हे. बारीक, किरटा, रिक्षाचा. कुणीतरी दाबून धरल्यासारखा, मधे श्वास न घेता वाजत होता. माणसं धावत येत होती, त्यांची पावलं ऐकू येत होती. कुणीतरी काहीतरी उचलायला सांगत होतं. हॉर्न थांबत नव्हता.

"काका, द्या ना," केसर म्हणाली. ती अजून हसत होती. "काय म्हणतायत?"