चारशे ऐंशी दोरे

"तुम्हीच सांगा त्यांना, तुमच्या भाषेतले आहेत," असं अर्चना मला इंग्रजीत म्हणाली आणि आपली क्रोशाची पिशवी उचलून पंख्याखाली जाऊन बसली. झालं. मंडळात तेवीस माणसं. त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक वकील, दोघी तर मोठ्या कंपन्यांत माणसं कामावर घेण्याचं आणि काढण्याचंच काम करतात. पण जनकोजीरावांना "आता तुम्ही ताणा ओवू नका" हे सांगायचं कुणी, तर मी, सुनेत्राने. का, तर भाषा एक. अहो, कसली एक? ते तंजावरकडचे, त्यांची घराणी तिकडे तीनशे वर्षं. मी साताऱ्याची, नवऱ्याच्या नोकरीपायी सव्वीस वर्षांपूर्वी इकडे तमिळ मुलखात, वेलचेरीत येऊन पडले. मी "येतेय" म्हणते, ते "येऊलालों" म्हणतात. पहिलं वर्षभर मला त्यांचं निम्मं बोलणं कळत नव्हतं. पण हे इथे कोणाला पटवणार?

आमचं विणकर मंडळ दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीन वाजता आमच्याच बिल्डिंगच्या हॉलमध्ये भरतं. मी चिटणीस. चिटणीस म्हणजे वॉचमनकडून किल्ली आणणारी, खुर्च्या मांडणारी आणि पाचच्या ठोक्याला पुढच्या वर्गाच्या झुंबावाल्या दारात येऊन उभ्या राहिल्या की त्यांची बोलणी खाणारी. कुणी क्रोशा घेऊन येतं, कुणी सुया, एकजण टकळीवर सूत काततात. कोपऱ्यात मंडळाचा हातमाग आहे. त्याचा नेम ठरलेला. जानेवारीत त्याच्यावर पांढरा ताणा चढवायचा, म्हणजे उभे दोरे, मोजून चारशे ऐंशी. मग प्रत्येक बैठकीला येणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या रंगाच्या सुताने चार बोटं कापड विणायचं. डिसेंबरच्या मध्याला मार्गळी महिना लागला की वर्षाचं कापड उतरवायचं. तोवर त्याला कात्री लावायची नाही. हा नेम जनकोजीरावांनीच घातला, आणि त्यांनी घातलेला नेम मोडायची आमच्यात कुणाची छाती नाही.

माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा. उमेदीची सगळी वर्षं गिरणीत गेली, आणि तिथे काम एकच, ताणा ओवायचं. कापड इतरांनी विणायचं, यांनी फक्त मागातल्या बारीक डोळ्यांतून आणि मग फणीच्या दातांमधून एकेक दोरा हुकाने ओढून घ्यायचा. फणीच्या एका घरात एक दोरा. गिरणी बंद पडल्यावर जॉर्ज टाउनमध्ये सुताच्या एका दुकानात गाठी बांधत बसले. बढती नाही, बदली नाही, कुणी कधी फोटो काढला नाही. बोटं मात्र अशी, की अंधारात दोऱ्याचा नंबर सांगतील.

आणि तोंड? ते विचारू नका. बैठकीत आले की प्रत्येकीचं विणकाम उचलायचे आणि आधी उलटी बाजू बघायचे. सुलट बाजूकडे ढुंकून नाही. मग तमिळमध्ये एकच शब्द, "पिरिच्चिडु." म्हणजे उसव. चांगलं म्हणायचं नाही, वाईट का तेही सांगायचं नाही. देविका नावाची एक तरुण मुलगी आहे, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. तिला एक शाल चार वेळा उसवायला लावली. ती पोरगी तरी चिवट, पाचव्यांदा विणून घेऊन आली. बाकीच्यांचं तसं नाही. दर बैठकीनंतर माझ्या फोनवर तक्रारींची रांग. शिवाय पहाटे सहाला यांचा फोन, मागावर चादर घातली का, खिडकी लावली का. मी एकदा चिडून म्हणालेसुद्धा, की घरी नवरा आहे माझा, त्याचीसुद्धा मी एवढी उठबस करत नाही.

हे सगळं निभत होतं ते सईबाईंमुळे. त्यांची बायको. ताणा ओवायला दोन माणसं लागतात. एकाने मागाच्या मागच्या बाजूला बसून दोरा वेगळा करून पुढे द्यायचा, दुसऱ्याने पुढून हूक घालून तो ओढून घ्यायचा. गेली बारा वर्षं सईबाई मागे बसून दोरे देत होत्या. दोन दिवस नुसतं तेच. दोघं बोलायची नाहीत. त्यांनी द्यायचा, यांनी घ्यायचा. आणि बैठकीत यांनी कुणाला रडवलं की सईबाई हळूच तिच्या शेजारी जाऊन बसायच्या, डब्यातला मुरुक्कू, आपली चकलीच ती, तिच्या हातावर ठेवायच्या. काही बोलायच्या नाहीत. मला वाटतं निम्मं मंडळ त्या मुरुक्कूवर टिकलं.

यंदा जानेवारीत त्या आल्या तेव्हाच चेहरा उतरलेला होता. पायांवर सूज. मी म्हटलं, राहू द्या, देविका देईल दोरे. तर म्हणाल्या, "मीच देणार." दोन दिवस बसल्या. मी तिथेच खुर्चीवर बसून होते, किल्ली माझ्याकडे ना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे डोळे मिटत होते, मान खाली जात होती, पुन्हा दचकून वर येत होती. शेवटचा दोरा गेल्यावर त्यांनीच आधी विणायला घेतलं, दरवर्षीसारखं. हिरव्या सुताने चार बोटं. जनकोजीराव त्यांच्या मागे उभे होते. त्यांनी ते कापड बघितलं आणि म्हणाले, "बरवें आलें." मी चकित झाले. बारा वर्षांत या माणसाच्या तोंडून कुणाच्याही कामाबद्दल मी चांगला शब्द ऐकला नव्हता.

नंतर दहाव्या दिवशी सईबाईंना दवाखान्यात नेलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या गेल्या.

त्या महिन्यातली बैठक दोघांविनाच झाली. आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो, आणि मग विणायला बसल्यावर अर्चनाला ती रेघ दिसली. कापडाच्या डावीकडून एक वीत आत, उभी, जाडसर. दिसली म्हणजे दिसलीच, मग तिच्यावरून नजर हलेना. फणीच्या एका घरात दोन दोरे गेले होते. असं झालं की ती रेघ पार शेवटपर्यंत जाते, वर कुणी कितीही सुरेख विणलं तरी. तेवीस माणसांचं वर्षभराचं काम, आणि सगळ्यांच्या कामातून ती रेघ जाणार.

महिनाभर नुसता तोच विषय. मंडळातल्यांनी जनकोजीरावांना वगळून फोनवर एक वेगळा ग्रुप काढला. मला त्यात घातलं, कारण निरोप मीच न्यायचा होता. म्हाताऱ्याला दिसत नाही आता. वय झालं. आपण किती सहन केलं, आणि शेवटी चूक कुणाची निघाली? काहींच्या लिहिण्यात तर मला आनंदच दिसला, आणि माझं डोकं फिरलं. पण चूक तर समोर होती. शेवटी ठरलं, मार्चच्या बैठकीत त्यांना सांगायचं. यापुढे ताणा देविका ओवेल. कापड उतरवून नव्याने ओवायचं का तशीच रेघ चालवायची, तेही तीच ठरवेल. देविका म्हणाली की मी सरांसमोर हे बोलणार नाही. मग कोण, तर चिटणीस.

तीन वाजून दहा मिनिटांनी ते आले. रेल्वे स्टेशनापासून उन्हातून चालत आलेले, पांढरा शर्ट घामाने भिजलेला. बायको गेल्यावर पहिल्यांदाच आले होते, एकटेच. पाणी दिलं तर नको म्हणाले. कुणाचं विणकाम उचललं नाही, उलटी बाजू बघितली नाही. एरवी त्यांच्या त्या बघण्याला वैतागणाऱ्या बायका आपापलं विणकाम मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

ते सरळ मागाकडे गेले आणि स्टुलावर बसले. मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. घरातून निघताना मी चार वाक्यं पाठ करून आले होते. "जनकोजीराव, सगळ्यांना असं वाटतं की..." एवढंच झालं. चीड आली मला. त्यांची, अर्चनाची, माझी, सगळ्यांचीच. एवढी वर्षं या माणसाने लोकांना उसवायला लावलं, मग स्वतःच्या वेळी याचे डोळे कुठे गेले? आणि डोळे म्हणावेत तर गेल्या वर्षी मीच त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं होतं. डॉक्टरांनी दाखवलेली सगळ्यात खालची ओळ त्यांनी घडाघड वाचली होती.

तोवर त्यांनी कापडाखाली तळहात घातला होता. बोट डावीकडून सरकत आलं आणि त्या रेघेपाशी थांबलं. शोधावं लागलं नाही. जागा माहीत असल्यासारखं ते तिथे आलं.

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी मान वर केली नाही. बोलले ते मराठीतच, त्यांच्या त्या जुन्या मराठीत, अगदी साध्या आवाजात. बाजूला देविका होती, मागे अर्चना येऊन उभी होती, आणखी चौघीजणी होत्या. कुणालाही त्यातला शब्द कळणार नव्हता.

"हुकांत दोन आले, तें तेव्हांच हातास कळलें, बाई. ती दमली होती. बारा वर्षांत तिनें कधीं दोन दिल्हे नाहींत. बोललों असतों तर तिला कळलें असतें, आपला हात गेला म्हणून."

"मग नंतर नीट का नाही केलंत?"

"ती घरीं निजल्यावर येऊन करावें म्हटलें. तर तिनें विणायलाच घेतलें. मग काय करूं? ती विणूलाली होती, तिच्या हाताखालचें उसवूं?"

मी उभी होते तिथून मला सईबाईंचा हिरवा पट्टा दिसत होता, अगदी तळाला, गुंडाळलेल्या कापडाच्या पहिल्या वेटोळ्यात. त्यातूनच ती रेघ निघत होती. मी त्या दिवशी त्याच खुर्चीवर बसले होते. त्यांची मान खाली जाताना पाहत होते. आणि महिनाभर तो ग्रुप वाचताना मला हे एकदाही सुचलं नाही.

"सर काय म्हणाले?" देविकाने मला तमिळमध्ये विचारलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. निरोप पोचवायची जबाबदारी माझीच होती ना.

मी जनकोजीरावांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, हुकूमच सोडले होते.

"आपलीच चूक झाली म्हणाले," मी सांगितलं. "नजर कमी झालीय म्हणाले."

"आमा," जनकोजीराव म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "एन तप्पु." हो, माझी चूक.

अर्चनाने लगेच, असू दे, असू दे, होतं असं, म्हणायला सुरुवात केली. मागून कुणीतरी म्हणालं की रेघसुद्धा छानच दिसते, डिझाइनसारखी. मला त्या बाईचं तोंड धरावंसं वाटलं. बोलले असते तर सगळंच बोलून बसले असते.

जनकोजीराव म्हणाले, कात्री द्या. मार्गळी यायला नऊ महिने होते. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच ताणा कापला, एका ओळीत, घाई न करता. कापड सोडवून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. सहज दिल्यासारखं, पण मी ते घेतलं तरी त्यांचा हात लगेच सुटला नाही. मग खिशातून पितळी हूक काढला, गिरणीतला, मुठीत धरून धरून त्याची मूठ झिजलेली. तो देविकाला दिला. आजपासून तू, म्हणाले. ती घेईना. ओठ चावत उभी राहिली. त्यांनी तो तिच्या पिशवीवर ठेवला आणि पुढचं स्टूल तिच्यासाठी ओढलं.

देविका बसली. हूक हातात धरून म्हणाली, पण सर, दोरे कोण देणार?

मला वाटलं मला सांगतील. मी पदर खोचून तयारही झाले होते. पण ते उठले, मागाला वळसा घालून मागच्या बाजूला गेले आणि सईबाईंच्या त्या बुटक्या स्टुलावर बसले. गुडघे पोटाशी आले, कसेबसे मावले. कापलेल्या दोऱ्यांची टोकं फणीतून मागे ओढून त्यांनी डाव्या मुठीत गोळा केली, उजव्या हाताच्या दोन बोटांनी पहिला दोरा वेगळा केला, तो एकच आहे ना हे बोटांत फिरवून पाहिलं आणि पुढे धरला.

पाच वाजले. झुंबावाल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना सांगितलं, आज हॉल मिळणार नाही.